हात पाठीमागं

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मी कधी मागे पडलो नाही. १६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक, तिन्ही जमायचं. लेखीचा कटऑफ मात्र दर भरतीला माझ्या गुणांच्या जरा वर जाऊन थांबायचा. पुण्यात नव्या पेठेतली कॉट, अभ्यासिकेची फी, मेस, सगळं गावाकडून येणाऱ्या पैशावर चाललेलं. २०२३ च्या पावसाळ्यात आमच्या बीडच्या आष्टी तालुक्यात पावसानं ओढ दिली आणि घरी फोन करून पैसे मागायची लाज वाटायला लागली. त्याच सुमारास रूममेटच्या मोबाइलवर जाहिरात आली: वृद्ध निवासात जनरल ड्युटी असिस्टंट, अप्रेंटिस, पुरुष उमेदवारांना प्राधान्य, राहण्याची सोय. आम्ही पेठेतली पोरं जाहिरात शेवटाकडून वाचतो. राहण्याची सोय दिसली की मग वर काय लिहिलंय ते बघायचं.

जनरल ड्युटी असिस्टंट, सगळे जीडीएच म्हणतात, हा हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचा अभ्यासक्रम. नर्सच्या हाताखाली राहायचं. रुग्णाची आंघोळ, जेवण, शी-शू, उठवणं-बसवणं, कूस बदलणं, नोंदी ठेवणं हे आपलं काम. इंजेक्शन आपलं नाही, सलाईन नाही, नाकातून नळी घालणं नाही, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी घालणं नाही. नळी आधीच घातलेली असेल तर तिची निगा राखायची, लघवीची पिशवी कमरेच्या खाली टांगलेली आहे ना ते बघायचं, किती भरली ते लिहायचं.

पुरुषांना प्राधान्य का, ते मुलाखतीत कळलं. या कामात बायका भरपूर मिळतात, पण ऐंशी किलोच्या आजोबांना कॉटवरून उठवायचं तर दोन मावश्या लागतात. शिवाय बायकोशिवाय कुठल्या बाईसमोर कधी सदरा न काढलेली माणसं ऐंशीव्या वर्षी बाईच्या हातून आंघोळ करून घ्यायला तयार होत नाहीत. मॅनेजरनी विचारलं, घरी म्हातारं माणूस आहे का? म्हटलं, आजी आहे. त्यांचं कोण करतं? आई करते. "म्हणजे तुम्हाला काही येत नाही," असं म्हणून त्यांनी फॉर्म पुढं सरकवला.

कराराबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण गावाकडची पोरं मला फोन करून हेच विचारतात. अप्रेंटिस हा कायद्यानं कामगार नव्हे, शिकाऊ. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात तसं स्पष्ट आहे. म्हणून मिळतं ते विद्यावेतन, पगार नव्हे, आणि त्यातून पीएफ कापला जात नाही. २०१९ च्या सुधारित नियमांप्रमाणे तेव्हा दहावीच्या पात्रतेला महिना किमान ६००० रुपये होते, बारावीला ७०००, पदवीला ९०००. जागा बारावीची होती, त्यामुळे माझी बीए तिथं बिनकामाची. २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा पाव हिस्सा, जास्तीत जास्त १५०० रुपये, केंद्र सरकार उचलतं. हा वाटा थेट आधार जोडलेल्या खात्यात येतो, म्हणजे एकाच कामाचे पैसे जमा झाल्याचे दोन वेगळे मेसेज. यातली कळीची गोष्ट एकच: करार सरकारी पोर्टलवर नोंदला गेला की त्याला नंबर पडतो. तो नंबर हातात येईपर्यंत आपण फुकटचे मदतनीस आहोत असं धरून चालावं आणि रोज विचारत राहावं. कामाला हात लावण्याआधी हिपॅटायटिस बीच्या लशीचा पहिला डोसही घ्यायचा असतो. पुढचा महिन्याभरानं, तिसरा सहाव्या महिन्यात. हे कुणी आपणहून सांगत नाही.

पहिले काही आठवडे वर्गात गेले. खोलीत एक फाउलर कॉट (डोक्याची बाजू वर करता येणारी), खांदा निखळलेला रबरी पुतळा, बेडपॅन, युरिन पॉट, कमोड चेअर, वॉकर, मॅकिन्टॉशची, म्हणजे गादीवर घालायच्या रबरी कापडाची गुंडाळी. शिकवायला एक निवृत्त सिस्टर. मिरजेत नर्सिंग शिकलेल्या, सरकारी दवाखान्यात उभी हयात काढलेल्या, बोलायला फटकळ. पहिल्याच दिवशी त्यांनी चष्मे वाटले, काचांना व्हॅसलीन चोपडलेलं. कानात कापूस घालायला लावला, हातात एकावर एक दोन रबरी हातमोजे, बुटात मूठभर तूरडाळ. मग म्हणाल्या, "शर्टाची सगळी बटणं काढून परत लावा. लावून झाली की पाकिटातून दहाची नोट काढून मला द्या." माझ्या शेजारच्या पोरानं त्यांना शंभराची दिली. ती त्यांनी सुट्टी होईपर्यंत परत केली नाही. "म्हाताऱ्या माणसाला रिक्षावाला परत करतो का?"

मग जेवणाचा तास. जोड्या लावल्या, एकानं कॉटवर झोपायचं, दुसऱ्यानं वरण-भात भरवायचा. आडवं पडून दुसऱ्याच्या हातचा घास खाणं किती भयंकर असतं हे करून बघितल्याशिवाय समजत नाही. घास गिळायच्या आत पुढचा चमचा ओठाला लागतो, आणि तोंड भरलेलं असताना थांब म्हणता येत नाही. भरवणारा उभा असला की घास वरून येतो, मान मागं जाते आणि ठसका लागतो. म्हणून भरवणाऱ्यानं बसायचं, खाणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीला. खाणाऱ्यालाही ताठ बसवायचं, हनुवटी किंचित खाली, अर्धा चमचा घास, आणि जेवण झाल्यावर निदान अर्धा तास आडवं करायचं नाही. लकवा झालेल्याच्या लुळ्या बाजूच्या गालात घास साठून राहतो, तो शेवटी बघून काढायचा. आपल्याला वाटतं पाणी गिळायला सगळ्यात सोपं. गिळायचा त्रास असलेल्याला तेच सगळ्यात अवघड, कारण ते वेगानं घशात उतरतं आणि श्वासनलिकेत शिरतं. पेज, आंबील, दाटसर सार त्याला झेपतं. दर घोटाला खाकरत चहा पिणारा म्हातारा दिसला की ते वय झाल्याचं लक्षण समजायचं नाही, सिस्टरला जाऊन सांगायचं.

याच वर्गात "हात पाठीमागं" हा हुकूम पहिल्यांदा ऐकला. एका पोराला उजवी बाजू लुळी असल्याचं सोंग करायला लावून डाव्या हातानं शर्ट घालायला सांगितलं होतं. घालताना लुळी बाजू आधी, काढताना चांगली बाजू आधी, हा नियम नुकताच शिकलो होतो. त्याची बाही कोपराशी अडकली आणि आम्ही तिघं-चौघं एकदम पुढं झालो. सिस्टर ओरडल्या, "हात पाठीमागं! सगळ्यांनी!" शाळेत शिक्षा झाल्यासारखे आम्ही हात मागं बांधून उभे राहिलो आणि तो गडी बाहीशी झुंजत राहिला. शर्ट अंगात गेला तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही घातला असता तर अर्ध्या मिनिटात झालं असतं. आणि महिन्याभरानं त्याला बाही कुठली आणि गळा कुठला ते आठवलं नसतं."

मला हे पटायला वेळ लागला. आमच्याकडं म्हाताऱ्या माणसाचं करणं म्हणजे त्याला पाण्याचा तांब्याही उचलू न देणं. जितकं जास्त कराल तितके तुम्ही चांगले. सून सासूला बसल्या जागी सगळं देते, ही गावात कौतुकाची गोष्ट. आणि ही बाई सांगत होती की अंथरुणावर पडून राहिलेल्या म्हाताऱ्याचे पाय आठवड्या-दोन आठवड्यांत कमजोर होतात, ती ताकद परत यायला महिने लागतात, काहींची येतच नाही, आणि यातलं निम्मं आपल्या प्रेमानं होतं.

उचलण्याच्या तासाला माझी रग जिरली. गोळाफेकीच्या खांद्याचा काही उपयोग नाही. आपल्याकडं माणसाला उठवायचं म्हणजे काखेत हात घालायचे आणि वर ओढायचं. लकवा झालेल्याचा खांदा त्यानं निसटतो. त्याऐवजी त्याच्या कमरेला धरायचा पट्टा बांधायचा. व्हीलचेअर त्याच्या चांगल्या बाजूला तिरपी लावायची, ब्रेक लावायचे, पाय ठेवायच्या पट्ट्या वर करायच्या. त्याला कॉटच्या कडेशी सरकवून पाय जमिनीला टेकवायचे, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागं. मग त्यालाच पुढं झुकायला सांगायचं, "नाक पायाच्या बोटांच्या वर येऊ द्या." माणूस पुढं झुकला की त्याचं ढुंगण आपोआप हलकं होतं, आणि आपण फक्त गुडघा अडवून सोबत वर यायचं. ज्याच्या पायात थोडाही जोर आहे त्याला उचलावं लागतच नाही. एवढी वर्षं आपण सगळे उगाच कंबर मोडून घेत होतो.

पाठीच्या जखमांवर सिस्टर दिवसभर बोलल्या असत्या. दर दोन तासांनी कूस बदलायची हे सगळ्यांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते हे की माकडहाडावर, टाचेवर, खुब्यावर लाली दिसली तर ती चोळायची नाही. आतली कातडी आधीच मेटाकुटीला आलेली असते, चोळून ती फाटते. पाठीला स्पिरिट आणि पावडर लावायची जुनी पद्धत त्यांनी स्वतः नोकरीत असताना केली होती आणि आता आम्हाला बंद करायला सांगत होत्या. स्पिरिटनं कातडी कोरडी पडते, घामानं पावडरीच्या गोळ्या होऊन घासतात. टाचेखाली पाणी भरलेले हातमोजे ठेवणंही बंद. पोटरीखाली उशी द्या, टाच अधांतरी राहू द्या. आणि एक फार मोलाचं: पुस्तकातले सगळे फोटो गोऱ्या कातडीचे असतात. आपल्या रंगावर लाली दिसतेच असं नाही. तिथं हाताची पाठ लावून बघायची, आजूबाजूपेक्षा गरम लागतं का, टणक लागतं का.

मग तळमजला. या निवासात वरच्या मजल्यांवर हिंडते-फिरते लोक आणि तळमजल्यावर ज्यांना सगळे बेडरिडन म्हणतात ते. त्यातले खरोखर अंथरुणाला खिळलेले निम्मेच होते, बाकीच्यांना उठवायला कुणाला सवड नव्हती. पहिल्या सकाळी वासानं पोटात ढवळून आलं. माझ्याबरोबरच्या एकानं मास्कच्या आत व्हिक्स लावलं होतं. सिस्टरनी त्याला धुऊन यायला लावलं. लघवीचा वास बदलला, जखमेचा वास बदलला, शी काळी आणि चिकट झाली, ही माहिती असते. तीच नाकात बोळा घालून घालवायची तर इथं कशाला आलात, असं त्यांचं म्हणणं.

डायपर बदलण्याबद्दल लोक मला दबक्या आवाजात विचारतात. खरं सांगायचं तर किळस आठवड्याभरात जाते. लाज जास्त दिवस टिकते, आणि ती समोरच्याची जास्त असते. माझे पहिले पेशंट एक निवृत्त शिक्षक होते, लकव्यानं उजवी बाजू गेलेली, बोलणं अडखळत पण डोकं लख्ख. मी पडदा ओढला, कमरेवर टॉवेल टाकला, शिकवल्याप्रमाणे प्रत्येक गोष्ट करायच्या आधी सांगत गेलो: सर, आता डाव्या कुशीवर वळवतो, आता पाणी लागेल, कोमट आहे. ते भिंतीकडं बघत होते. सगळं आवरल्यावर म्हणाले, "गाव?" कडा म्हणालो. "आडनाव?" सांगितलं. त्यावरून पुढचे दोन प्रश्न आले. त्यांना काय शोधायचं होतं ते मला कळत होतं. उत्तरं दिली. त्यानंतर महिनाभर ते माझ्या हातचं पाणी प्यायचे, पण फुलपात्र ओठाला न लावता वरून. मग कधीतरी ते थांबलं. का थांबलं ते मी विचारलं नाही. डाव्या हातानं वरून पिताना अंगावर सांडायचं, हेही कारण असेल.

सकाळचा तास म्हणजे धांदल. आठला ड्युटी सुरू, नऊला नाश्त्याच्या गाड्या, त्याआधी सगळ्यांची तोंडं धुवायची, कवळ्या घासून द्यायच्या (बेसिनमध्ये पाणी साठवून त्याच्यावर धरून, म्हणजे निसटली तरी फुटत नाही), स्पंज, कपडे, कुणाचं बीपी, कुणाची साखर. कुणी "ब्रदर" हाक मारतं, कुणी "अरे बाळ", आणि नव्वदीच्या एक आजी मला खुशाल "मामा" म्हणायच्या. अशा वेळी हात पाठीमागं बांधून उभं राहायचं कसं? सिस्टरचा धडा खरा होता, पण तो दुप्पट माणसं असलेल्या वॉर्डसाठी होता. सरांना एक बटण लावायला पाच-सात मिनिटं लागायची, आणि त्यांच्या सदऱ्याला चार बटणं.

मी ही तक्रार घेऊन सिस्टरकडं गेलो. त्या म्हणाल्या, "सगळ्यांचं सगळं सोडू नकोस. एकेकाची एकेक गोष्ट ठरव, तेवढी पाळ." त्यावरून मी वहीत यादी केली. सरांचं वरचं एक बटण त्यांचं, खालची तीन माझी. कोपऱ्यातल्या तलाठी आजोबांचा पहिला घास त्यांच्या हातानं. तिसऱ्यांनी आपला चेहरा आपण पुसायचा, पंचा मी ओला करून देणार. बाकी सगळं मी भराभर करत होतो, कुठलंही पुस्तक काय म्हणो. माझ्या मते या कामातलं कसब इथं आहे: कुणाची कुठली गोष्ट त्याच्याकडं ठेवायची, हे हेरणं.

नातेवाइकांना हे समजावणं सगळ्यात कठीण. सरांच्या मुलीनं परदेशातून व्हिडिओ कॉल केला तेव्हा सर बटणाशी झटत होते आणि मी मागं उभा. फोन ऑफिसात गेला: आम्ही पैसे भरतो आणि तुमचा माणूस नुसता बघत उभा राहतो. मॅनेजरनी मला समजावलं, सिस्टरना नाही. ठरलं असं की भेटीच्या आणि फोनच्या वेळी बटणं आम्ही लावायची. त्यामुळे रविवारी सर अगदी टापटीप असायचे, सोमवारी वरचं बटण तिरकं. मला सोमवारचे सर जास्त आवडायचे, पण पैसे रविवारचे लोक भरतात.

कंडक्टर आजोबांबद्दल लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नाही. एसटीतून निवृत्त, पार्किन्सन्स, त्यात विसरभोळेपणा वाढत चाललेला. पार्किन्सन्समध्ये माणूस चालता चालता गोठतो, विशेषतः दारात. पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात. अशा वेळी ओढलं की तोल जाऊन तोंडावर पडतो. फिजिओथेरपिस्टनी दाराशी जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवून दिल्या होत्या, पट्टी ओलांडा म्हटलं की पाय उचलतो, आणि ताल धरला तरी उचलतो असं सांगितलं होतं. टाळ्या वाजवून बघितल्या, ते नुसते हसायचे. एकदा ते पहाटेपासून "गाडी लागली का" म्हणून अस्वस्थ होते. दारात गोठले. मी त्यांच्या कानाशी तोंडानं डबल बेल दिली. टिंग टिंग. त्यांनी पाऊल टाकलं. त्यानंतर ती आमची रीतच झाली. थांबायचं तर एक बेल, निघायचं तर दोन. त्यांना मी रोज नव्यानं भेटायचो आणि ते रोज विचारायचे, कुठं उतरणार? मी म्हणायचो, कडा. मग ते वाघोली, शिक्रापूर, शिरूर, सुपा, नगर, चिचोंडी पाटील असे थांबे घेत कड्यापर्यंत यायचे, एकही न चुकता. सकाळी काय खाल्लं ते आठवायचं नाही. १९४८ साली एसटीची पहिली गाडी सुटली ती पुणे ते नगर, हे तर त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की ती गाडी त्यांनीच सोडली असावी असं वाटायला लागलं. मी हिशेब केला, त्या वर्षी ते शाळेत होते. पण विसरलेल्या माणसाची चूक दुरुस्त करायची नसते. "तुम्ही आता एसटीत नाही, आजोबा" असं एका नव्या मावशीनं समजुतीनं सांगितलं तर ते दुपारभर रडले होते.

त्यांच्या गोळ्यांची वेळ अर्धा तास टळली तरी संध्याकाळ बिघडायची. गोळी देणं सिस्टरचं काम, पण वेळ झाली हे सांगणं माझं, आणि त्यासाठी मी मोबाइलवर गजर लावले होते.

नोंदींचं महत्त्व मला तलाठी आजोबांमुळं कळलं. हा माणूस सकाळी उठल्यापासून भांडायचा: चहा गार, पंखा जोरात, शेजारचा घोरतो. एका सकाळी भांडलेच नाहीत. शांत पडून, हाक मारली की डोळे उघडायचे, परत मिटायचे. मधेच आईला हाक मारली. वॉर्डातल्या बाकीच्यांना बरंच वाटलं. सिस्टरनी आम्हाला बजावलेलं होतं की म्हातारा माणूस एकदम बदलला तर "आज बरं नाही" असं मोघम बोलायचं नाही. कधीपासून, नेहमी कसे असतात, किती खाल्लं, लघवी किती, शेवटची शी कधी, हे सांगायचं. मी ते सांगितलं. रक्त तपासायला गेलं, आणि दुपारी कळलं की रक्तातलं सोडियम उतरलं होतं. तपासलं नसतं तर झटके आले असते असं डॉक्टर म्हणाले. आठवड्यानं ते दवाखान्यातून परतले आणि पहिली तक्रार चहाची.

सगळे परतत नाहीत. पावसाळ्यात वॉर्डातले दुसरे एक आजोबा गेले. मुलगा यायला वेळ होता. शरीर ताठ व्हायच्या आत डोळे मिटायचे, हनुवटीखाली गुंडाळलेला टॉवेल द्यायचा, हातपाय सरळ करायचे, स्वच्छ पुसून धुतलेले कपडे घालायचे. सिस्टरनी कुठूनतरी तुळशीचं पान आणलं. त्यांचे कपडे मी रोजच्या क्रमानं घातले, लुळी बाजू आधी.

घरी मी दवाखान्यात आहे एवढंच माहीत होतं. आई शेजारणीला "पुण्यात हॉस्पिटलात मोठ्या पोस्टवर" असं सांगायची, आणि स्थळ बघायला आलेल्यांनी मोठी म्हणजे कुठली असं विचारलं की मग पंचाईत. दिवाळीला गेलो तेव्हा आजी पडवीत खाटेवर होती. उन्हाळ्यापर्यंत ती परसात हिंडायची. एकदा घसरली, हाड मोडलं नव्हतं, पण त्या दिवसापासून सगळ्यांनी तिला जपायचं ठरवलं. ताट खाटेवर, तोंड धुवायला तपेली खाटेवर. तिचे पाय काठीगत झालेले.

मी तिला कमरेला धरून उभं केलं, नाक बोटांच्या वर, आणि दाराच्या उंबऱ्यापर्यंत नेलं. आईचा जीव वरखाली. दुसऱ्या दिवशी तिच्यापुढं लसणाचा गड्डा ठेवला. आई म्हणाली, "लोक म्हणतील, पोरगा पुण्याहून आला आणि म्हातारीला कामाला लावलं." आजीनं सोललेल्या पाकळ्यांना निम्मी सालं तशीच होती. आई रात्री त्या परत सोलत बसायची. यावरून मी असेपर्यंत आमची रोज वादावादी झाली, आणि मी गेल्यावर खाटेवरची तपेली परत आली असं धाकटीनं फोनवर सांगितलं. लसूण मात्र चालू आहे, कारण आजी मागून घेते.

परीक्षेला बाहेरून असेसर मॅडम आल्या. प्रात्यक्षिकाला कॉटवरून व्हीलचेअर, माझा पेशंट बॅचमधलाच एक, आणि त्यानं लुळेपणाचं सोंग इतकं मन लावून केलं की मला घाम फुटला. तोंडी परीक्षेत विचारलं, साखर ५८ आली तर? शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची, लगेच सिस्टरला कळवायचं. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही. मग त्यांनी विचारलं, "पेशंट स्वतः बटण लावतोय, वेळ लागतोय, खाली डॉक्टरकडं न्यायला गाडी उभी आहे. काय कराल?" म्हटलं, लावून टाकीन. त्यांनी मान वर करून बघितलं आणि पुढच्याला बोलावलं.

पास झालो. बॅचमधले बरेच जण घरोघरी माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोत गेले. तिथं बारा तासांची ड्युटी एकाच पेशंटच्या घरी असते आणि हातात जास्त येतात, पण ब्यूरोचं कमिशन जातं आणि पेशंट गेला की दुसरं घर मिळेपर्यंत बसून राहावं लागतं. मला निवासानं ठेवून घेतलं. पगार ठरला तो मला कमी वाटतो आणि ते मी बोलून दाखवलं आहे. "हे पुण्याचं काम आहे" असं उत्तर मिळालं. पुण्य ठेवा, पीएफ द्या, असं मी म्हटलं, आणि पीएफ सुरू झाला. सध्या रात्रपाळी लावली आहे. रात्री तळमजल्यावर आम्ही दोघंच असतो, त्यामुळे कुणाचं काय त्याच्याकडं ठेवायचं ती यादी पुन्हा पहिल्यापासून करतो आहे.